चिंचोक्यांतील भुंगेरा : त्याचा जीवनक्रम व बंदोबस्त

बांधावरचीं चिंच, बाभूळ, आपटा, बहावा हीं झाडें आपण लावीत नाहीं, तीं आपोआप उगवतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धा खरा आहे. जुनीं झाडें पाखरांनीं, शेळ्यामेंढ्यांनीं व वाटसरूंनीं टाकलेल्या बियांपासून उगवलीं हें खरें. परंतु तोड वाढली, नांगर बांधाच्या बुडापर्यंत आला, आणि आतां बीं गोळा करून लावल्याशिवाय नवीं झाडें होत नाहींत. जो कोणी असें बीं निवडावयास बसतो त्यास लौकरच दिसून येतें कीं, मूठभर चिंचोक्यांत कित्येकांस वाटोळें भोंक आहे व आंत गराऐवजीं पीठ आहे. बाजारांत अशांस 'किडका चिंचोका' म्हणून बाजूस टाकतात. हा किडा कोणता, तो बियांत कोठून शिरतो, आणि त्याचा व आपल्या घरांतील भुईमुगाच्या पोत्याचा संबंध काय, हें ह्या लेखांत क्रमानें सांगावयाचें आहे.

रानच्या झाडांच्या बियांस लागणारी कीड हा वनखात्याचा विषय आहे, त्याच्याशीं शेतकऱ्यास काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर बांधावरच्या झाडांची नोंद झालीच तर ती एका ओळींत उरकते, आणि कोठारांतील मालाची तर तेथें नोंदच नसते. परंतु कीटकास हे रकाने ठाऊक नाहींत. बांधावरची चिंच, अंगणांतील चिंचोक्यांची रास व माळ्यावरील भुईमुगाचें पोतें हें त्याच्या लेखीं एकच खातें आहे. म्हणून त्याचा हिशेबही आपण एकत्रच मांडला पाहिजे.

कीटकाची ओळख

ह्या कीटकाचें शास्त्रीय नांव 'कॅरिडॉन सेरॅटस' असें आहे. १७९० सालीं ओलिव्हिए नांवाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें त्याचें प्रथम वर्णन केलें. जुन्या पुस्तकांत 'कॅरिडॉन गोनाग्रा' असेंही नांव आढळतें. मूग, तूर, हरभरा ह्यांस लागणारा भुंगेरा घरोघरीं परिचित आहे. हा त्याचाच भाऊबंद, परंतु अंगानें थोराड. लांबी चार ते सात मिलिमीटर, म्हणजे सुमारें तांदुळाच्या दाण्याएवढी. रंग तांबूस-तपकिरी, वर काळसर ठिपके व करडी लव. पंखांचें टणक आवरण पाठीच्या शेवटापर्यंत पोंचत नाहीं, त्यामुळें पोटाचें टोंक उघडें राहतें. मिशा करवतीसारख्या दांतेरी असतात, व 'सेरॅटस' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थही तसाच आहे. परंतु सर्वांत सोपी खूण मागल्या पायांची. त्यांच्या मांड्या शरीराच्या मानानें फारच जाड असून त्यांच्या खालच्या कडेस फणीसारखे दांते असतात. एवढी खूण ध्यानांत ठेवल्यास हा कीटक इतर भुंगेऱ्यांतून सहज ओळखतां येतो.

चिंच हें त्याचें आवडतें झाड. त्याखेरीज बाभूळ, आपटा, बहावा इत्यादि शेंगा धरणाऱ्या झाडांच्या बियांतही तो किंवा त्याच्यासारखे दिसणारे त्याच्या कुळांतील कीटक आढळतात. बाभळीच्या शेंगेंत तर ह्याहून लहान आकाराचे दुसरे भुंगेरेही असतात. जातींचा हा बारकावा तज्ज्ञांकडे सोंपवावा. अंडें बाहेर व अळी दाण्यांत ही मुख्य रीत सर्वांची सारखीच आहे.

पहिली अवस्था : अंडें

आपल्या भागांत चिंच माघापासून पिकूं लागते व चैत्रापर्यंत झाडावर राहते. कच्च्या शेंगेचें साल गरास चिकटलेलें असतें. शेंग पिकली म्हणजे गर आकसतो, टरफल सुटें व ठिसूळ होतें आणि त्यास बारीक तडे जातात. हाच काळ मादीस सोयीचा. ती दिवसा सांदीकोपऱ्यांत दडून बसते. सायंकाळीं व रात्रीं बाहेर पडून टरफलावर एकेक सुटें अंडें चिकटविते. टरफल फुटून चिंचोका उघडा पडला असेल तर थेट त्याच्यावरच अंडें घालते. अंडें लांबट, दुधी रंगाचें व सुमारें एक मिलिमीटर लांब असतें. तें नुसत्या डोळ्यांस दिसतें, मात्र पाहणारानें शेंग उजेडांत फिरवून पाहिली पाहिजे.

शेंग झाडावर जितके दिवस अधिक लटकेल आणि गळाल्यावर भुईवर जितके दिवस अधिक पडून राहील, तितकीं तिच्यावर अंडीं अधिक. उन्हाळ्याच्या दिवसांत अंडें उबण्यास सुमारें एक आठवडा लागतो.

दुसरी अवस्था : अळी

अंड्यांतून निघालेली अळी बाहेरच्या हवेंत येतच नाहीं. अंड्याची जी बाजू टरफलास चिकटलेली असते तीच पोखरून ती सरळ आंत उतरते. मग टरफल व गर ओलांडून चिंचोक्याच्या कठीण सालीस सूक्ष्म छिद्र पाडते व दाण्यांत शिरते. हें छिद्र इतकें बारीक असतें कीं, चिंचोका बाहेरून निर्दोष दिसतो. पुढें आपल्या नजरेस जें मोठें वाटोळें भोंक पडतें, तें शिरण्याचें नव्हे, निघण्याचें आहे. तेव्हां भोंक दिसलें म्हणजे चोर आला असें न समजतां चोर गेला असें समजावें; आणि ज्या राशींत भोंकाचे चिंचोके पुष्कळ आहेत, तींतील साबूत दिसणाऱ्या चिंचोक्यांतही कांहींच्या पोटीं अळी बसलेली आहे असें धरून चालावें.

चिंचोक्याचीं जीं दोन जाड दळें असतात ती उगवणाऱ्या रोपाची पहिल्या दिवसांची शिदोरी होय. अळी ही शिदोरी खाते. ती पांढुरकी, जाड व किंचित् वांकडी असते; वेळोवेळीं कात टाकून वाढते व तिची विष्ठा पिठासारखी आंतच सांचते. कोंब तिच्या तडाख्यांतून वांचला तर असा चिंचोका कधीं कधीं रुजतोही, परंतु शिदोरी खाल्ली गेल्यामुळें रोप अशक्त निघतें. कोंबच खाल्ला गेला तर रुजण्याची आशाच नको. उबदार हवेंत ही अवस्था सुमारें तीन ते चार आठवडे चालते. ह्या काळांत तिला ऊन, पाऊस, पाखरूं व मनुष्याचा हात ह्यांपैकीं कांहींच लागत नाहीं.

तिसरी अवस्था : कोष

येथें ह्या कीटकाची रीत मुगातुरींतील भुंगेऱ्याहून निराळी आहे. तो भुंगेरा दाण्याच्या पोटांतच कोषावस्था काढतो. ह्याची पूर्ण वाढलेली अळी मात्र पुष्कळदां दाणा पोखरून बाहेर येते, आणि शेंगेच्या पोकळींत, टरफलावर, पोत्याच्या शिवणींत किंवा थप्पीच्या तळाशीं जागा पाहून आपल्याभोंवतीं कोष विणते. कोष लंबगोल, पातळ कागदासारखा व मळकट पांढऱ्या रंगाचा असतो. पोत्यांची थप्पी हलविल्यावर भुईवर किंवा पोत्याच्या बुडास असे पांढुरके ठिपके चिकटलेले दिसल्यास ते झाडून जागच्या जागीं टाकूं नयेत. ते पुढल्या पिढीचे भुंगेरे आहेत. ह्या अवस्थेस सुमारें दोन आठवडे लागतात.

चौथी अवस्था : भुंगेरा

कोष फोडून निघालेला भुंगेरा बियांचा दाणा खात नाहीं. त्याचें काम जोडी जमविणें व अंडीं घालणें एवढेंच असतें. नुकसान सर्व अळी करते. त्याचें आयुष्य थोड्या आठवड्यांचें असतें. अनुकूल हवेंत एक मादी पन्नासांहून अधिक अंडीं घालूं शकते.

अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा सारा फेरा ३० ते ३३ अंश सेंटिग्रेड उष्णता व दमट हवा असतां सुमारें सहा आठवड्यांत पुरा होतो; थंडींत त्याहून बराच अधिक काळ लागतो. आतां कारकुनी रीतीनें हिशेब मांडून पाहूं. चैत्राच्या आरंभीं राशींत एकच मादी आहे असें धरा. तिच्या पन्नास अंड्यांपैकीं दहाच भुंगेरे तगले व त्यांत निम्म्या माद्या असल्या, तर पहिल्या पिढींत १० भुंगेरे, दुसरींत ५०, तिसरींत २५० होतात. तीन पिढ्यांस अठरा आठवडे लागतात, म्हणजे श्रावण लागतो. एका भुंगेऱ्यामागें एक दाणा ह्या मानानें श्रावणापर्यंत ३१० दाणे रिकामे झाले, आणि चौथी पिढी १,२५० दाणे मागावयास उभी राहिली. हा केवळ समजण्यापुरता आंकडा आहे. प्रत्यक्षांत तो कमीअधिक होईल. परंतु चैत्रांतील एका मादीकडे केलेलें दुर्लक्ष श्रावणांत किती महाग पडतें, हें त्यावरून कळावें.

भुईमुगाशीं संबंध

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. तो आपल्या देशीं आला, आणि झाडांच्या शेंगांवर जगणाऱ्या ह्या कीटकास जमिनींतून निघणारी शेंगही मानवली. पश्चिम आफ्रिकेंत सेनेगल वगैरे देशांत तर सांठविलेल्या भुईमुगाचा हा मोठा शत्रु गणला जातो.

शेंगा टरफलासकट ठेवल्या कीं कीड लागत नाहीं, असें आपण म्हणतों. इतर बहुतेक किडींपुरतें तें खरें आहे, कारण त्यांस फुटक्या टरफलाखेरीज वाट मिळत नाहीं. ह्या कीटकाची अळी मात्र अखंड टरफल पोखरून दाण्यापर्यंत जाते. शेंगेवर वाटोळी खिडकी कापल्यासारखी दिसली म्हणजे त्या शेंगेंतील दाण्याचें काम आटोपलें असें समजावें. पोखरलेल्या दाण्याचें तेल खवट होतें, त्यास बुरशी लौकर लागते, व कांहीं बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें, तें मनुष्यास व जनावरांस घातक आहे.

आतां काळाचा मेळ पाहा. चिंच झोडून झाली, गळालेल्या शेंगा झाडाखालीं पडल्या आहेत, त्यांतून नव्या पिढीचे भुंगेरे निघूं लागले आहेत, असा जो वैशाख-ज्येष्ठाचा काळ, त्याच काळांत उन्हाळी भुईमूग काढणीस येतो. उन्हाळी शेंगांचें बियाणें कडक उन्हांत वाळविलें तर त्याची उगवणशक्ति घटते, म्हणून तें सावलींत वाळवावें असा योग्य सल्ला दिला जातो. शेतावर गार, दाट सावली बहुधा कोणाची ? चिंचेची ! शेतकरी चांगल्या हेतूनें बियाण्याच्या शेंगा चिंचेखालीं पसरतो. सायंकाळीं मादी उतरते, शेंगांवर अंडीं चिकटविते, व ती सारी ठेव दुसऱ्या आठवड्यांत पोत्यांत भरून घरीं येते. पुढें पेरणीच्या वेळीं शेंगा फोडतांना दाणे पोकळ निघाले म्हणजे दोष पोत्यास, घरच्या ओलीस किंवा बियाणें देणाऱ्यास लावला जातो. कीड घरांत लागलेली नसते. ती शेतावरून आपण स्वतःच आणलेली असते.

बंदोबस्त

वरील जीवनक्रमावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. कीटक दाण्यांत असतां त्याच्यावर साधा उपाय चालत नाहीं. तो दाण्याबाहेर असतो अशा वेळा तीनच : अंडें टरफलावर असतां, वाढलेली अळी बाहेर पडून कोष करीत असतां, आणि भुंगेरा हिंडत असतां. ह्या तीन वेळा साधून पुढील उपाय योजावे.

१. चिंच पिकतांच झोडून घ्यावी. भाव येईल म्हणून महिनोगणती झाडावर ठेवूं नये. झाडाखालीं गळालेल्या शेंगा दर चार-आठ दिवसांनीं वेंचाव्या. किडक्या निघाल्यास त्या जाळाव्या, उकिरड्याच्या कडेस टाकूं नयेत.

२. झोडलेली चिंच टरफलासकट सांठवूं नये. शक्य तितक्या लौकर फोडून टरफल, गर व चिंचोका निरनिराळे करावे, म्हणजे टरफलावरचीं अंडीं टरफलाबरोबरच जातील. टरफलें त्याच दिवशीं जाळावीं. आपल्याकडे फोडणीचें हें काम बहुतेक बायकांच्या हातून होतें. टरफलावरचें अंडें व पोत्याच्या बुडाचा कोष त्यांस एकवार प्रत्यक्ष दाखवून ठेवावा. हजारों शेंगा ज्यांच्या हातांखालून जातात, त्यांच्या नजरेइतकी तपासणी दुसऱ्या कोणाकडूनही होणार नाहीं.

३. चिंचोका विकावयाचा असल्यास ढीग लावून न ठेवतां लौकर विकावा. कापडाच्या व तागाच्या कारखान्यांत खळीसाठीं त्याच्या पिठास मागणी असते. किडक्या मालास तेथें मोल नाहीं.

४. भुईमुगाच्या शेंगा चिंचेखालीं, आपट्याखालीं किंवा बाभळीखालीं वाळवूं नयेत. छपरीखालीं वाळवाव्या, अथवा आंबा किंवा कडुनिंब ह्यांची सावली पाहावी. दाण्यांतील ओल शेंकडा आठांच्या आंत आल्यावरच शेंगा पोत्यांत भराव्या. चिंच किंवा चिंचोके ज्या खोलींत आहेत, त्या खोलींत भुईमूग ठेवूं नये.

५. जुनीं पोतीं उलटून, झाडून, उकळत्या पाण्यांत बुडवून कडक उन्हांत वाळवावीं. त्यांच्या शिवणींत कोष असतात. भिंतींच्या भेगा लिंपाव्या. पोतीं भुईवर न ठेवतां फळ्यांवर ठेवावीं, व महिन्यांतून एकदां थप्पी हलवून तळ झाडावा. केर जाळावा.

६. कोठारांत धुरी देण्याचीं विषारी औषधें, विशेषतः अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या, राहत्या घरांत कोणीही स्वतः वापरूं नयेत. त्यांच्या वायूनें माणसें दगावतात. तें काम परवाना असलेल्या जाणत्या माणसाकडूनच, वस्तीपासून दूर असलेल्या गुदामांत करून घ्यावें.

चिंचेचें झाडच तोडून टाकावें असा अर्थ ह्यांतून कोणी काढूं नये. झाड पिढ्यान्‌पिढ्या सावली व उत्पन्न देतें. कीटकास बळ मिळतें तें झाडाखालीं सडत पडलेल्या शेंगांपासून. शिवाय ह्या भुंगेऱ्याच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाशाही निसर्गांत आहेत. वाटेल तेथें विषारी फवारा मारल्यास प्रथम नाश त्यांचाच होतो.

लावणीसाठीं बीं निवडणें

चिंचेचें बीं त्याच हंगामांतील, लौकर उतरलेल्या शेंगांचें घ्यावें. भोंकाचे चिंचोके प्रथम वेंचून काढावे. राहिलेले पाण्यांत टाकावे. वर तरंगतील ते पोकळ समजून फेंकावे, तळास बसतील ते घ्यावे. ही चांचणी पुरी नव्हे, कारण लहान अळीचा चिंचोका जड असल्यामुळें तळास बसतो; परंतु बरीचशी घाण त्यांत निघून जाते. लगेच पेरावयाचे नसल्यास चिंचोके सावलींत चांगले सुकवून झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत ठेवावे. डबा पंधरा दिवसांनीं उघडून पाहावा व पीठ किंवा भुंगेरा दिसल्यास बीं पुन्हां निवडावें.

बाभळीच्या बियांसाठीं आपल्या वडिलांची रीत उत्तम आहे. शेळ्यामेंढ्यांस शेंगा चारावयाच्या व वाड्यांतील लेंड्यांतून बीं वेंचावयाचें. जनावराच्या पोटांतून गेल्यानें बियांची कठीण साल मऊ पडते व तें लौकर रुजतें. शेंगा ताज्या असतांनाच चारल्या तर राशींत पडून वाढणाऱ्या किडीसही अवकाश मिळत नाहीं. लेंड्यांतील बीं न मिळाल्यास शेंगांतील निवडलेल्या बियांवर उकळतें पाणी ओतून त्यांतच एक दिवस-रात्र भिजूं द्यावें व मग पेरावें.

कोणतेंही बीं पेरण्यापूर्वीं त्याची आणेवारी काढावी. राशीच्या वरून, मधून व तळांतून मिळून शंभर दाणे न निवडतां घ्यावे, ओल्या गोणपाटांत गुंडाळावे व पंधरा-वीस दिवस ओल राखून किती रुजले तें मोजावें. साठ रुजले तर शंभर रोपांसाठीं निदान १६७ दाणे पेरावे लागतील, हें त्रैराशिकानें कळतें. अंदाजानें पेरून रिकाम्या पिशव्यांस दोन महिने पाणी घालण्यापेक्षां हा हिशेब स्वस्त पडतो.

घरीं करून पाहण्याचा पाठ

वाचून जें पटत नाहीं तें पाहून पटतें. चैत्रांत झाडाखालीं पडलेल्या चिंचेच्या वीस शेंगा घ्याव्या. कांचेच्या रुंद तोंडाच्या बरणींत त्या घालून तोंडास पातळ कापड घट्ट बांधावें व बरणी सावलींत ठेवावी. बरणीवर तारखेची चिठ्ठी लावावी. दर आठवड्यास एकदां पाहून वहींत चार रकान्यांत नोंद करावी : टरफलावर अंडीं किती दिसलीं, वाटोळीं भोंकें किती, कोष किती, भुंगेरे किती. दुसऱ्या बरणींत त्याच झाडावरून वेळेवर उतरवून लगेच फोडलेल्या शेंगांचे चिंचोके ठेवावे व त्यांचीही तशीच नोंद ठेवावी. घरांतील शाळकरी मुलांकडे हें काम सोंपविल्यास तें अधिक नेमानें होईल. पाऊस लागेपर्यंत दोन्ही बरण्यांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे लौकर उतरविण्याचा व लौकर फोडण्याचा लाभ आपल्याच गांवच्या मालावरून कळेल. प्रयोग संपल्यावर बरण्यांतील माल जाळून टाकावा, घरांत मोकळा सोडूं नये.

जे सभासद हा प्रयोग करतील त्यांनीं आपल्या नोंदी गांव, झाड व तारखा ह्यांसह मासिकाकडे अवश्य पाठवाव्या. ज्यांच्या शेतांत चिंच व उन्हाळी भुईमूग दोन्ही आहेत, त्यांनीं शेंगा कोठें वाळविल्या व पेरणीच्या वेळीं शंभरांत किती दाणे पोकळ निघाले, एवढें जरी लिहून कळविलें तरी तें इतरांच्या उपयोगीं पडेल.